झेड लावलेलं फोल्डर

भूत म्हटलं की अमावास्या आणि पिंपळ लागतोच, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचू नये. हे घडलं भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, शहापूरच्या एका ऑफिसात. संघरत्ना माझी सख्खी मावसबहीण. खोटं बोलून तिला काही मिळायचं नाही, उलट जे गेलं ते तिचंच गेलं.

मागच्या वर्षीचा ऑक्टोबर. मंगळवार.

संघरत्ना एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम करते. संस्थेची दवाखान्याची गाडी गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना बीपी-शुगरच्या गोळ्या देते. प्रत्येक पेशंटचं एक फोल्डर. त्याला नाव द्यायची पद्धत ठरलेली. आधी गाव, मग माणूस, मग जन्मसाल. पेशंट वारला की फोल्डर पुसायचं नाही, नावाच्या आधी इंग्रजी झेड लावायचा. म्हणजे ते यादीच्या तळाला जातं आणि गाडी त्या घरी थांबत नाही.

पद्धत संस्थेतल्या जुन्या शाम सरांची. "गेलेल्या माणसाच्या दारात गोळ्या घेऊन उभं राहू नये, घरचे परत रडतात," असं ते म्हणायचे. देवमाणूस. दीड वर्षापूर्वी तेही गेले.

त्या मंगळवारी संघरत्नाने यादी काढली. तळाला लहानीबाईचं नाव होतं... झेड लावलेलं.

म्हातारी गेली वाटतं, एवढंच तिच्या मनात आलं. एक फोन केला असता तर कळलं असतं. पण पद्धतीवर इतका विश्वास, की तिने विचारलंच नाही.

शुक्रवारी लहानीबाईची सून ऑफिसात आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता.

"गाडी दारावरून गेली बाय. सासू हाका मारीत होती. डायवरनं वळून पन बघितला नाय. काल गेली ती."

संघरत्ना परत कॉम्प्युटरसमोर बसली.

झेड लावला कोणी?

तिने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली कामाची चिठ्ठी. प्रत्येक फोल्डरची कुंडली काढ, कधी बनलं, कधी बदललं, मालक कोण.

लहानीबाईचं फोल्डर. बदल सोमवारी, दुपारी एक चाळीसला. मालक...

शाम.

सरांचं लॉगिन तिने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

यादी पुढे सरकत होती. आणखी एका फोल्डरवर तेच नाव आलं. वेळ तीच. तारीख आजची.

झेड_शेणवा_पांडू_१९५४.

पांडू म्हणजे तिचे बाबा.

तिने घरी फोन लावला. धोंडामावशी, म्हणजे तिची आई, हसली. "हे काय, ओट्यावर बसलेत. चहा पितात."

संघरत्नाने झेड काढला. दोन मिनिटं गेली... झेड परत आला. कीबोर्डला कोणाचा हात नव्हता. तिने पुन्हा काढला, फोल्डरला कुलूप घातलं. तरी आला.

पुढच्या मंगळवारी तिने बाबांच्या गोळ्या ड्रायव्हरच्या हातात ठेवल्या. "चांगोदादा, यादीत काय पन असू दे, आमच्या दारात थांब."

संध्याकाळी चांगोने गोळ्या परत आणल्या.

"थांबलो ना मॅडम. पंधरा मिनटं हॉर्न मारला. ओट्यावर कोनच नव्हता."

घरी बाबा ओट्यावरच बसले होते. "मी त्याच्या समोरच उभा होतो गो. माझ्याकडं बघून हॉर्न मारीत होता. आज गल्लीतल्या कोनी जयभीम पन नाय घातला."

मग तिने रजा टाकली. तीन दिवस बाबांचा हात धरून ओट्यावर बसली. शेजारी यायचे, तिच्याशी बोलायचे, बाबांच्या अंगावरून नजर पुढे जायची. बाबा लहान पोरासारखे तिच्याकडे बघायचे. तिला काहीच करता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी आईकडून चहाचा कप घ्यायला तिने हात सोडला.

वळली तर ओटा रिकामा.

चपला तिथेच होत्या. काठी तिथेच. विहिरी पाहिल्या, जंगल पाहिलं, पोलिसांत तक्रार दिली. काही नाही.

आठवड्याने ती कामावर गेली. दुपारी एक चाळीसला, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने बाबांच्या फोल्डरचा झेड काढला.

लगेच फोन वाजला. आई किंचाळत होती. "अगो, तुझे बाबा आलेत! ओट्यावर बसलेत!"

दोन मिनिटं... झेड परत आला. "गेले गो... ओटा रिकामाच," आई फोनवर म्हणाली.

तेव्हापासून हे रोज चालू आहे. कॉम्प्युटर घरी नेऊन पाहिला, तिथे झेड निघत नाही. दुसऱ्या मुलीला शिकवलं, तिच्या हातून निघत नाही. तो संघरत्नाच्याच हातून निघतो, शहापूरच्याच टेबलावर. आणि बाबा दिसतात शेणव्याच्या ओट्यावर.

शाम सरांसारख्या माणसाने असं का करावं, मला माहीत नाही. ते सरच आहेत का, तेही माहीत नाही. गेल्या महिन्यात मी मावशीकडे गेलो होतो. एक चाळीस वाजायच्या आधीच उठलो. माझी हिंमत झाली नाही. फाटकातून बाहेर पडताना मागे कोणीतरी खोकलं, मी वळलो नाही.

दोन मिनिटांनी, मी फाटकाबाहेरच असताना, मावशीचा फोन वाजला. स्पीकरवर संघरत्ना होती. ओटा रिकामा झाल्यापासून तिने बाबांना एकदाही पाहिलेलं नाही.

"आई, आज काय म्हणाले?"

"तेच गो. माझी बाय कामावरून कदी येनार, विचारत होते."