मागच्या रांगेतली

दुपारच्या सामसुमीत दाराजवळ खण्णकन आवाज झाला. ती ओट्याला टेकून गार झालेला चहा पीत उभी होती. ठकी आत झोपली होती, सासूबाई पडल्या होत्या. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. कप ठेवून ती बघायला गेली, तर खुंटीवरची गाडीची किल्ली खाली पडली होती.

किल्ली उचलताना तिचा एक हात आपोआप पोटाशी गेला. खुंटी भिंतीतून पुढे झुकली होती. जुन्या गाडीच्या किल्लीला सासऱ्यांनी पितळेचा जाड गोळा अडकवला होता. वर्षानुवर्षं ते ओझं पेलून खुंटी वाकली. नवी किल्ली बिस्किटाएवढी, ती घसरणारच. एवढंच.

"एवढंच" हा तिचा ठेवणीतला शब्द होता. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काचपट्टीवर जे दिसतं ते लिहायचं, जे दिसत नाही त्याची काळजी करायची नाही, ही सवय घरीही तिच्याबरोबर येई. नवरा पदार्थविज्ञान शिकवायचा. त्यामुळे त्या घरात भुताखेतांना खायला-प्यायला कोणी घालत नव्हतं.

जुन्या गाडीला घरात हत्तीण म्हणत. तीन रांगांची, उंच, चढायला पायरी असलेली. सासरे होते, दीर-जाऊ आणि त्यांची मुलं एकाच घरात होती, तेव्हा ती गच्च भरायची. मग सासरे गेले, दिराची दुसऱ्या शहरात बदली झाली, आणि हत्तीण चार माणसांसाठी रस्ता अडवून चालू लागली. डिझेल असं प्यायची की पंपावरचा माणूस तिला लांबून बघूनच हसायचा. नवऱ्याला ते सोसेना. चार माणसं हलवायला एवढं लोखंड हलवायचं, हे त्याच्या विषयाच्या विरुद्ध होतं. "दारात हत्ती पोसायला आपण काय राजे लागून गेलो?" असं म्हणून त्याने एक छोटी, कमी पेट्रोलात लांब जाणारी गाडी ठरवली. ठकीने तिचं नाव मुंगी ठेवलं.

गाडी ठरली त्याच आठवड्यात तिला दिवस राहिल्याचं कळलं. रात्री दोघांनी बोटांवर मोजून पाहिलं. सासूबाई, तो, ती, ठकी आणि येणारं बाळ. पाच माणसं, पाच जागा. अगदी मापात. ठकीला मात्र इतक्यात सांगायचं नाही असं ठरलं, नाहीतर तिने "कधी, कधी" करून जीव खाल्ला असता.

त्या घरात गाडी सुरू करण्याची एक रीत होती. फार पूर्वी एकदा सासूबाई पंपावर हातपाय धुवायला उतरल्या आणि मंडळी त्यांना तिथेच विसरून पुढे गेली. त्यांना परत आणायला गेले तेव्हा त्या पंपवाल्याच्या खुर्चीत बसून त्याच्या संसाराची चौकशी करत होत्या. तेव्हापासून सासऱ्यांनी नियम केला. चाक फिरण्याआधी चालवणाऱ्याने विचारायचं, "सगळे आलात?" आणि प्रत्येकाने आपापल्या जागेवरून "आलो", "आले" म्हणायचं. एकही आवाज कमी पडला तर गाडी हलायची नाही.

चुलतभावंडं गेल्यावरही ठकी हट्टाने तिसऱ्याच रांगेत बसायची. स्वतःचं "आले" म्हणून झालं की जरा थांबायची आणि म्हणायची, "मागची पण आली." कोणी मनावर घेतलं नाही. एकट्या पोराला सोबत लागते. उलट सासूबाईच मान न वळवता सांगायच्या, तुझ्या मैत्रिणीला म्हणावं, पाय सीटवर घेऊ नकोस.

हत्तीण घ्यायला एक रोपवाटिकेवाला आला. मागच्या रांगा घडी घालून कुंड्या न्यायच्या होत्या त्याला. कागद झाले, किल्ली दिली, आणि ठकीने मागच्या दाराला मिठी मारून गळा काढला. मागची कुठे जाणार, एवढंच तिचं म्हणणं होतं. नवऱ्याने समजावलं, सासूबाईंनी खाऊचं आमिष दाखवलं. लेकीचा उचकीने अडलेला श्वास बघून तिला मात्र राहवेना. तिने मागचं दार उघडलं आणि रिकाम्या तिसऱ्या रांगेकडे बघून, शेजारणीला बोलवावं तशा आवाजात म्हणाली, "चल गं बाई, उतर. आमच्याबरोबर नव्या गाडीत ये."

कोणी उतरायला लागेल तेवढा वेळ तिने दार धरून ठेवलं. ठकीचं रडणं थांबलं. वाट द्यायला ती एक पाऊल बाजूला सरकली.

फाटकातून जाताना हत्तीण मागून उचलल्यासारखी दिसली. पण रिकामी गाडी हलकीच दिसणार.

मुंगीतून सगळे पहिल्यांदा निघाले तो दिवस लख्ख उन्हाचा होता. नवरा चालवायला, ती शेजारी, मागे एका खिडकीशी ठकी, दुसरीकडे सासूबाई, मधली जागा मोकळी. हजेरी झाली. शेवटी ठकीने नेहमीसारखं सांगितलं, "मागची पण आली." गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच घंटी वाजू लागली. टिंग, टिंग, टिंग. समोरच्या पडद्यावर मागच्या बाकाचं चित्र आलं. मधल्या जागेवर लाल माणूस होता, पट्टा न लावलेला.

बाकावर वजन आलं की गाडीला ते कळतं, हे त्यांना विकणाऱ्याने कौतुकाने दाखवलं होतं. पण सासूबाईंची पिशवी त्यांच्याच मांडीवर होती. नवऱ्याने गाडी थांबवली, हात मागे घालून मधला पट्टा रिकामाच अडकवला. घंटी थांबली.

"नवी गाडी, नवे चोचले," तो म्हणाला.

तेव्हापासून मधला पट्टा कायम अडकवलेलाच राहिला.

पुढे ॲव्हरेजची तक्रार सुरू झाली. ज्यासाठी गाडी घेतली तेच मिळेना. नवऱ्याने टायरमधली हवा तपासली, एसी बंद ठेवून पाहिला, दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरलं. रविवारी मोकळ्या रस्त्यावर एकटा जाऊन आला आणि हसतमुख परतला, गाडी सांगितल्याहूनही चांगली चालली होती. म्हणजे घरची माणसं घेतली की बिघडते, असं तो म्हणाला, आणि सासूबाईंनी लगेच विचारलं की त्याचा रोख नक्की कोणाच्या वजनावर आहे.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने गाडी उचलून पाहिली. सेन्सर ठीक होता. मागे कायम काही जड सामान असतं का, असं त्याने विचारलं. एवढ्या नव्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा इतक्या बसलेल्या त्याने पाहिल्या नव्हत्या. नवरा ते घरी येऊन चिडून सांगत होता. सासूबाई म्हणाल्या, "हत्ती गेला, शेपूट राहिलं म्हणायचं."

सगळे हसले. तीही हसली. मग तिचं लक्ष ठकीकडे गेलं. ठकी हसत नव्हती. सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती, घरात पाहुणा बसलेला असताना त्याच्याविषयी कोणी काही बोललं की पोरं बघतात तशी.

हळूहळू तिला काही गोष्टी दिसू लागल्या. दिसतं ते लिहायचं हा तर तिचा धंदाच. सासूबाई गाडीत दाराला अगदी चिकटून बसायच्या, खांदा काचेला लागेपर्यंत. मध्ये एवढी जागा असताना का, असं तिने विचारलं, तर त्या क्षणभर गोंधळल्या. "अंग चोरून बसायची सवय लागलीय बघ," त्या म्हणाल्या. "छोटी गाडी ना." उन्हात तापलेली गाडी उघडली की बाक चटका देई, पण मधली जागा गार लागायची. मातीच्या माठाला हात लावावा तशी.

एकदा ती प्रयोगशाळेतून एकटीच परतत होती. संध्याकाळची वर्दळ होती, सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या. मागे क्लिक असा आवाज झाला. मग पट्टा सर्रकन आत गेल्याचा.

घंटी वाजली नाही.

ती आरशात बघू शकली असती. तिने बघितलं नाही. समोरच्या गाडीचे लाल दिवे बघत राहिली. सिग्नल सुटला, आणि तेव्हा घंटी वाजली. पडद्यावरचा लाल माणूस मागच्या बाकावर नव्हता.

तो तिच्या शेजारच्या जागेवर होता.

घरी पोचेपर्यंत घंटी वाजत होती. फाटकाशी गाडी बंद केल्यावर तिला कळलं, एरवी शेजारच्या सीटवर टाकायची ती पर्स तिने वाटभर स्वतःच्या मांडीवर धरली होती. पोटाच्या पुढ्यात. दोन्ही कोपरांमध्ये घट्ट.

नवऱ्याला तिने सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेणारा माणूस, त्याने ऐकूनही घेतलं. मग म्हणाला की तिची झोप पुरी होत नाहीये, आणि गाडीतली वायर आपण पुन्हा बघून घेऊ. त्याच्या जागी तीही तेच म्हणाली असती.

दरम्यान जाऊबाईंनी त्यांच्या पोरांची जुनी बाळखुर्ची पाठवून दिली. ठकीला सांगितलं, तुझ्या बाहुलीसाठी आहे. शनिवारी नवऱ्याने ती मधल्या जागेवर ठेवली, पट्टा दोन ठिकाणांहून ओवला, गुडघा रोवून आवळला, हलवून पाहिली. जराही हलेना. त्याने समाधानाने गाडी कुलूपबंद केली.

सकाळी खुर्ची बाकाखाली होती. पालथी.

पट्टा मात्र जसाच्या तसा अडकवलेला होता. सैल पडला नव्हता, बाकाला चिकटलाही नव्हता. कोणाच्या तरी मांडीवरून जावा तसा, मध्ये वर उचललेला, ताणलेला.

नवरा पुष्कळ वेळ तिथे वाकून उभा राहिला. मग पट्टा सोडायला त्याने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

त्याच दिवशी दुपारी ती ठकीला घेऊन रोपवाटिकेत गेली. गुलाबाचं कलम घ्यायचं आहे, असं तिने घरी सांगितलं. वाटेवर घंटी वाजली नाही. पट्टा तसाच होता.

रोपवाटिकेवाल्याने ओळखलं, पाणी दिलं. तिने हत्तीण कशी चालते ते विचारलं. तो खूश होता. तुम्ही उगाच तिला बदनाम केलंत, म्हणाला, कुंड्या भरून नेतो तरी डिझेल कमीच लागतं. "पहिल्याच दिवशी वाटलं, हिचं काहीतरी ओझं उतरलंय."

हत्तीण शेडखाली उभी होती, मुंगी तिने शेजारीच लावली होती. आत ओल्या मातीचा वास. काही विसरलंय का बघते, असं सांगून ती मागच्या बाजूला गेली. आधी मुंगीचं मागचं दार उघडलं. मग हत्तिणीचं. दोन्ही उघड्या दारांच्या मध्ये उभी राहिली. कुंड्यांवर कोणीतरी पाणी मारत होतं, त्याचा आवाज येत होता. ती हळू आवाजात म्हणाली, "मी चुकले. तुझी जागा इथेच आहे. जा, बस."

कोणी उतरायला लागेल तेवढा वेळ ती थांबली. नंतर आणखी थोडा वेळ.

ठकी तिच्या हाताला धरून उभी होती. या वेळी ती बाजूला सरकली नाही.

"चल, झालं," ती लेकीला म्हणाली. कलम घेतलं, ते ठकीच्या पायांपाशी ठेवलं आणि निघाली. मधला पट्टा मोकळा होता. त्याची जीभ बाकावर लोळत पडली होती, साधी, सैल. पडद्यावर एकही लाल माणूस नव्हता. चढावर मुंगी सहज वर गेली, कितीतरी दिवसांनी. तिने काच खाली केली. वारा आला. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच भरात तिला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. लेकीला नाही सांगायचं तर कोणाला?

वळणानंतर एका झाडाच्या सावलीत तिने गाडी थांबवली. मागे वळून, ठकीचा मळका हात हातात घेऊन, तिने सांगितलं की आपल्याकडे बाळ येणार आहे. ती खुर्ची बाहुलीची नाही, बाळाची आहे.

ठकीला नवल वाटलं नाही.

"मला माहितीये," ती म्हणाली. "मागचीने सांगितलं."

तिने ठकीचा हात सोडला. पुढे वळून तिने गाडी सुरू केली. तोंडातून सवयीने निघून गेलं, "सगळे आलात?"

"आले," ठकी म्हणाली.

मग ती जरा थांबली.

मागे पट्टा बाहेर ओढला गेला. सावकाश, पूर्ण लांबीचा. क्लिक.

मुंगी मागून किंचित खाली बसली.

"आई," ठकी म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, नुसती काळजी होती, घरात पाहुणे जास्त आणि गाद्या कमी असल्यावर असते तशी. "ती म्हणते, तूच बोलावलंस, म्हणून ती आता नाही उतरणार. आजी आहे, बाबा आहे, तू आहेस, मी आहे. मग बाळ आलं की कोण उतरणार?"