कप्तानाचे नऊ चेहरे

बंद पडलेल्या शीतगृहाच्या शेडमध्ये सिनेमावाल्यांनी अवकाशयान बांधलं होतं. प्लायवूड, पत्रा आणि वरून चंदेरी रंग. जवळ गेलं की खिळे दिसायचे. रंगताईची खोली यानाच्या मागे, पूर्वी वजनकाटा होता तिथे. एक आरसा, सहा बल्ब, फिरती खुर्ची. सव्वीस वर्षं ती नटांचे चेहरे रंगवत आली होती. राजे, भुतं, म्हातारे, झालंच तर एकदा माकडही. त्यामुळे दिग्दर्शकाने नऊ चित्रांचा कागद पुढे ठेवला तेव्हा तिला त्यात काही नवल वाटलं नाही.

गोष्ट एका कप्तानाची होती. उजाड झालेल्या पृथ्वीवरून तीनशे माणसं घेऊन तो दूरच्या ग्रहाकडे निघतो. वाटेत हवा कमी पडते. बाकीच्यांना वाचवायला तो एकाचा बळी देतो आणि ढसाढसा रडतो. मग चौघांचा, तेव्हा रडत नाही. शेवटी गरज नसतानाही झोपलेल्या माणसांची हवा तो स्वतःच्या हाताने बंद करत जातो, आणि तरीही आपण यांना तारतोय असंच त्याला वाटत असतं. त्याचं हे घसरत जाणं चेहऱ्यावर दिसावं, असं दिग्दर्शकाच्या मनात होतं. पहिल्या टप्प्यात भुवईपाशी एक बारीक रेघ. नवव्यात सगळा चेहरा करडा, वाळल्या चिखलासारखा तडकलेला.

कप्तान झालेल्या नटाला सगळे भाऊ म्हणत. माणूस लाखात एक. दिवेवाल्याची आई आजारी पडली तेव्हा हाच दवाखान्यात जाऊन बसला होता. दुपारी डबा उघडला की घरी फोन लावायचा आणि आठ वर्षांच्या लेकीची शाळेतली भांडणं सोडवायचा. रंगताईला फोनमधून त्या पोरीची कुरकुर ऐकू यायची आणि ब्रश धरलेला हात हसण्याने हलायचा.

सगळं सरळ चाललं होतं. चौथ्या टप्प्याच्या संध्याकाळी तिने कापसाला तेल लावून भाऊंचा चेहरा पुसला, तर भुवईपाशीची रेघ तशीच राहिली.

डिंक राहिला असेल म्हणून तिने स्पिरिट लावलं. कातडी लाल झाली, रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना बळेच त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने भिंग लावून पाहिलं आणि ही तर जुनी खूण आहे, लहानपणीची असेल, असं सांगून मोकळा झाला. रंगताईकडे पहिल्या दिवशीचा फोटो होता. त्यात भुवई स्वच्छ होती. तिने तो डॉक्टरला दाखवला नाही. फोटो झगझगीत उजेडात काढलेला, त्यात बारीक रेघ काय दिसणार, अशी तिने मनाची समजूत घातली.

सहाव्या टप्प्यात करड्या रंगाची डबी संपेना. चार दिवस पुरणारी डबी दोन आठवडे पुरली.

त्याच सुमारास भाऊंचा घरचा फोन बंद झाला. म्हणजे घरून यायचा, तेच उचलत नसत. डब्याशेजारी ठेवलेला फोन वाजायचा आणि भाऊ त्याच्याकडे बघत राहायचे. रागाने नव्हे. तो कधी थांबतो याची वाट बघत.

आठव्या टप्प्याच्या सकाळी ती आली तेव्हा भाऊ खुर्चीत येऊन बसले होते. तिने बल्ब लावले, ब्रश उचलला आणि हात तसाच थांबला. कागदावरच्या आठव्या चित्रात जिथे जिथे भेग होती, तिथे तिथे भेग होती.

"आज कुणी आधी हात लावला का, भाऊ?"

"कोण लावणार? तुम्हीच तर करता."

तिने बोट टेकवून पाहिलं. रंग गार लागतो. हे कोमट होतं.

तेवढ्यात दिग्दर्शक डोकावला. आज तर कमाल केलीत, म्हणाला. रंगताईने मान खाली घातली आणि कौतुक ठेवून घेतलं. खरं सांगायचं तर सांगणार काय, आणि कुणाला?

नवव्या चेहऱ्याच्या दिवशी दाराचा प्रसंग होता. कप्तान चौघांना कोठडीत बंद करतो आणि काचेतून बघतो, एवढाच. सुताराने खर्च वाचवायला शीतगृहाचंच जुनं दार बसवलं होतं. जाड, रबर लावलेलं, कडी फक्त बाहेरून. चौघे नट आत गेले. धूर सोडला. भाऊंनी दार लावलं.

दिग्दर्शकाने कट म्हटलं. दिवे मंदावले.

भाऊ जागचे हलले नाहीत.

आतून दार वाजू लागलं. चौघे मन लावून करतायत, असं कुणीतरी म्हणालं.

मग एक हात काचेवरून खाली घसरला.

भाऊ कडीवर हात ठेवून उभे होते. श्वास संथ. ओठ हलत होते. ते आकडे मोजत होते.

सुताराने पहार घातली तेव्हा कुठे दार निघालं. चौघे वाचले. चौघांतल्या नटीला उचलून बाहेर आणावं लागलं. रंगताई भाऊंच्या अगदी जवळ उभी होती, म्हणून ते काय बोलले ते तिलाच ऐकू आलं.

"बाकीच्यांना हवा पुरली असती."

कडी अडकली, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. शूटिंगचा एकच दिवस उरला होता आणि तो दिवस कुणालाच बुडवायचा नव्हता. राहिला होता गोष्टीतला पहिला प्रसंग. कप्तान अजून भला माणूस आहे, मैदानात उभा राहून मागे राहणाऱ्यांचा निरोप घेतो.

भाऊ खुर्चीत बसले. नववा चेहरा तसाच होता. रंगताईने पहिल्या दिवशीचा फोटो आरशाला चिकटवला आणि कामाला लागली. भेगा मेणाने बुजवल्या. करड्यावर गव्हाळ रंग चढवला, गालांवर थोडी लाली, डोळ्यांखाली हसल्याच्या सुरकुत्या. साडेतीन तास लागले. तिने आयुष्यात इतकं नाजूक काम केलं नव्हतं.

भाऊंनी आरशात पाहिलं. "मी असा होतो?"

"असेच होता, भाऊ."

त्यांनी हसून पाहिलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जमलं.

प्रसंग असा उतरला की दिवेवाला डोळे पुसत होता. संध्याकाळी तिने कापूस तेलात बुडवला. भाऊंनी तिचं मनगट धरलं, हळूच.

"राहू द्या, ताई. घरी लेक वाट बघतेय."

तिने कापूस खाली ठेवला.

शूटिंग संपल्यावर बाराव्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. भाऊंच्या बायकोशी रंगताई याआधी कधी बोलली नव्हती. वहिनींनी आधी आभार मानले. हे पूर्वीसारखे झालेत, म्हणाल्या. हसतात, लेकीचा अभ्यास घेतात. मग आवाज खाली आला. तोंड धूत नाहीत. झोपतात ते उताणे, उशीला गाल लागू देत नाहीत. कामाचं काहीतरी असेल म्हणून आपण विचारलं नाही, म्हणाल्या.

फोनमध्ये मागे कुठेतरी ती पोर खिदळत होती.

"एवढंच सांगायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "आज हनुवटीपाशी थोडं सुटलंय. लेक त्यांच्या मांडीवर बसून नखाने सोलतेय. आणि हे तिला सोलू देतायत."