दोघांच्याही रक्तात

"अहो निळा शर्ट! तिच्याकडे पाठ करू नका!"

मी ओरडले आणि त्याच क्षणी कपसी वाघिणीने झेप घेतली. जाळी धाडकन हादरली. निळ्या शर्टातला तो तरुण मटकन खाली बसला.

"ती... ती तर तिकडे बघत होती," तो कसाबसा म्हणाला.

"तिरळी आहे ती. बघतेय भलतीकडे असं वाटतं, पण डोळा असतो तुमच्यावर. पाठ दिसली की संपलं!"

"म्हणजे तुमच्यासारखीच. मघापासून हातातल्या बादलीकडे बघताय, पण डोळा माझ्यावरच ना?"

मेला! मरता मरता वाचला आणि थट्टा सुचतेय! पण मला हसू आलं. रीव्याजवळच्या या बागेत मी पांढरे वाघ सांभाळते, माझी चेष्टा करायची सहसा कुणाची छाती होत नाही.

नाव म्हणे झनक. डिंडोरीकडून आला होता, कामाला. कसलं काम, ते सांगेना. रोज मात्र धुक्यातून हजर व्हायचा, खिशात मोहाचे लाडू घेऊन. माझ्या हातावर लाडू ठेवताना त्याची बोटं जरा रेंगाळायची... आणि मी कपसीला हाका मारत बसायचे.

"सोमवती, पांढरा वाघ एवढा दुर्मीळ का गं?" एकदा त्याने विचारलं. अहो-जाहो कधी गळालं, कळलंच नाही.

"आई-बाप दोघं पिवळे असले तरी चालतं. पण दोघांच्याही रक्तात तो पांढरेपणा लपलेला हवा. जंगलात अशी जोडी जुळणं कठीण. म्हणून माणसांनी एकाच घरातली जुळवली, बापाला लेक दिली. रंग मिळाला... पण तिरळे डोळे आले, दुखणी आली."

झनकचा चेहरा उतरला. "लपलेलं दिसत नाही ना," तो पुटपुटला.

माझा धाकटा भाऊ बिसन असाच गेला. आई-बाबा धडधाकट, पण दोघांच्याही रक्तात तो सिकलसेलचा आजार लपलेला. थंडी पडली की पोराचे सांधे असे दुखायचे की किंकाळ्या वेशीपर्यंत जायच्या. तो गेल्यावर डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं. माझ्यातही लपलाय. तेव्हापासून लग्न म्हटलं की मला बिसनची किंकाळीच ऐकू येते.

आणि आई हट्टाला पेटलेली! आम्हा गोंडांत लेकीची लेक मामाच्या घरी सून म्हणून गेली की दूध परत गेलं म्हणतात, मोठा मान असतो. "माझ्या भावाच्या पोराला बघ तरी," आईचा धोशा. अगं आई, रक्त तेच ना! लहानपणी कधीतरी पाहिलेल्या त्या मामेभावाचं नावसुद्धा मी ऐकून घेत नव्हते. पण आता झनक दिसला नाही की जीव कासावीस व्हायचा. मला माझीच भीती वाटायला लागली.

एका संध्याकाळी तो पिशवी घेऊनच आला.

"निघालो मी. पण खरं सांगू? ...तुझ्या मामाचा मुलगा आहे मी."

मी जाळीला घट्ट धरलं. "आणि काम होतं म्हणालास, ते?"

"नकार द्यायचं. बिसनचं ते माझ्याही रक्तात आहे, तपासून घेतलंय. आत्याच्या तोंडावर सांगायची हिंमत होईना. म्हटलं आधी तुला गाठावं... आणि तुला बघून फसलो."

"माझ्यातही आहे, झनक."

"वाटलंच होतं."

"मग दे की नकार! देऊन टाक!" माझा आवाज फाटला.

"रोज द्यायलाच येत होतो गं. लाडू देऊन परत जात होतो."

"आपल्याला बिसनसारखं पोर झालं तर?"

"मुलंच नकोत मग."

"आणि मला हवी असली तर?"

तो हळूच म्हणाला, "पोटात असतानाच तपासतात म्हणे, जबलपूरला. मी विचारून आलोय."

"आणि त्यांनी वाईट सांगितलं तर?"

"तर... माहीत नाही, सोमी. मलाही फार भीती वाटते."

'सगळं नीट होईल' म्हणाला असता, तर तिथल्या तिथे हाकलला असता मी. त्याने नुसता माझा हात धरला.

"चल घरी," मी म्हणाले. "आईला दोघं मिळून सांगू. सगळं."