तिसावी मुलाखत

ही गोष्ट नथ्थूआबांच्या पुतण्याची. जेवणं आटोपली की आबा ती पहूरच्या ओट्यावर पोरींना सांगतात. एक शब्द पदरचा घालत नाहीत.

भूषण जळगावात कायद्याचं पुढचं शिकत होता. विद्यापीठाच्या प्रबंधाला विषय घेतला होता तो डाकीण ठरवून वाळीत टाकलेल्या बायकांचा. मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, "तीस बायका. समोर बसून विचारायचं. घरी बसून फॉर्म भरलास तर पदवी विसर."

एकोणतीस झाल्या. तिसावी दिवालीबाई, चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. शनिवारी भूषण तिथल्या धनाला घेऊन तिच्या झोपडीशी गेला. दार बंद. आतून "थांबा" एवढंच आलं. अर्धा तास गेला. शेवटची एसटी हुकणार म्हणून हा शहाणा उठला अन् चालू लागला. विचारायला गेलेल्या माणसाला थांबता येऊ नये!

मग मंगळवार, दहा फेब्रुवारी...

"अमावास्या व्हती का, आबा?" पोरींतल्या पुनमनं विचारलं.

"नव्हती. खोटं कशाले सांगू? सकाळी फॉर्म द्यायचे व्हते, एवढंच."

रात्री साडेअकराला भाड्याच्या खोलीत भूषणनं तिसावा फॉर्म आपणच भरला. मारहाण झाली? नाही. घर जाळलं? नाही. शेवटचा प्रश्न, तुमची काही तक्रार आहे का? त्यानं ठोकून दिलं, 'नाही. आता सगळे नीट वागतात.' कडी लावली, दिवा मालवला, झोपला.

एक वाजून दहा मिनिटांनी जाग आली.

दिवा लागलेला.

दाराशी एक बाई बसली होती. कोरं लुगडं. घड्यांच्या रेघा तशाच. मान खाली.

"कोण...?"

कुणी विचारावं म्हणून माणूस थांबतं ना, तशी बसलेली.

कडी आतून लावलेलीच होती. त्यानं पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"अक्का..."

...

पुढचं त्याला आठवत नाही.

उजाडलं तेव्हा तो टेबलाशी बसलेला. उजव्या हाताची बोटं आखडलेली. फोन वाजत होता. धना.

"भूषणभाऊ, दिवालीबाई गयी. रातले, एकना सुमारले."

भूषणनं तिसावा फॉर्म पुढं ओढला. धनाचं बोलणं चालूच होतं.

"त्या दिन तू निंघी गया ना... ती लुगडं बदली ऱ्हायंती. म्हने, कोनी इचारले येल शे, फाटकं नेसीसन कसं बोलू? बाहेर उनी तं तू नही. मंग चार दिन तेच लुगडं आंगवर. काढंच नही."

भूषणनं फॉर्म उचलला, मॅडमपुढं ठेवला आणि खोटं कबूल केलं. प्रबंध सहा महिने मागे गेला. मॅडम म्हणाल्या, "बाकीच्या तरी खऱ्या का? रेकॉर्डिंग ऐकव."

फोनमध्ये एकोणतीस असायला हवी होती. तीस निघाली.

तिसावी त्या रात्रीची. सुरुवात एक वाजून बारा मिनिटांनी.

दोघांनी ऐकली. आवाज फक्त भूषणचा. एक प्रश्न. मग शांतता. शांततेत पेन चालल्याचा आवाज. दुसरा प्रश्न. शांतता. पेन. खोलीत तर त्या खोट्या फॉर्मशिवाय त्या रात्री लिहिलेला एकही कागद सापडला नव्हता.

शेवटचा प्रश्न आला. "अक्का, तुमची काही तक्रार आहे का?"

आणि मग नुसतं पेन... न थांबता... एक तास चाळीस मिनिटं.