रिकाम्या हुकाचं वजन

"हूक रिकामा दिसला तरी हात फिरवून बघायचा, रुपाली. मगच शून्य करायचं."

हे तिला काम शिकवणाऱ्या कैलासभाऊंचं सांगणं. ते जाऊन वर्ष होत आलं होतं.

रुपाली म्हणजे माझी धाकटी जाऊ. कामशेतला दोर तपासायच्या शेडमध्ये कामाला आहे. मी समईसमोर बसून सांगते, यात पदरचं काही घातलेलं नाही.

मार्गशीर्षातला गुरुवार. दिवेलागणीची वेळ. शेडमध्ये ती एकटीच. घरी घट मांडलेला, उपास सोडायला जायची घाई.

डोंगराचे कडे उतरणारे कमरेला बांधतात ते दोर तिथे ताणून बघतात. हुकाच्या वर ओढ मोजणारा लोडसेल असतो. ओढ किती बसली ते संगणकावर किलोत उमटतं. हूक रिकामा असला की शून्य दिसायला हवं. थोडं पुढेमागे झालंच, तर सॉफ्टवेअरमधलं बटण दाबून शून्यावर आणतात.

त्या दिवशी हूक रिकामा होता...

आकडा एकसष्ट.

तिने वायर काढून लावली. यंत्र बंद करून चालू केलं.

एकसष्टच.

आणि हूक... वारा नसताना, किंचित झुलत होता.

तिने मालकांना, महिपतीशेठना, फोन केला. ते हसले. "थंडी बाधली असंल त्याला. शून्य कर आन् दोर धाड. सकाळी कुरवंड्याला कॉलेजची पोरं कडा उतरणारेत."

हुकाला हात लावायचं काही तिच्याने होईना. तिने बटण दाबलं.

शून्य.

सगळे दोर ताणले. सगळे पास. टेम्पो कुरवंड्याला गेला.

शेड एकदम गप्प झाली. ती संगणक बंद करायला वळली...

वजा एकसष्ट.

रिकाम्यापेक्षा हलकं काय असतं?

मग तिच्या ध्यानात आलं. शून्य केलं तेव्हा हुकाला काहीतरी लटकत होतं.

ते आता उतरलं होतं.

कधी उतरलं? पहिल्या दोराआधी, की शेवटच्या दोरानंतर? आता एकाही आकड्याचा भरवसा नव्हता.

मागे कडी वाजली... किण्ण. कैलासभाऊ कमरेला लोखंडी कड्या अडकवून हिंडायचे, तशी.

शेजारची खुर्ची करकरली. कुणी टेकावं तशी.

तिने मान वळवली नाही.

कैलासभाऊ कुणाच्या तरी न तपासलेल्या दोरावरून कुरवंड्याच्या दरीत गेले होते. तेराव्याला त्यांच्या आईने, रतनबाईंनी, रुपालीचा हात धरला होता.

"माजा तर गेला, पोरी. तुज्या हातनं खोटा दोर कुनाच्या कमरेला जाऊ दिऊ नगं."

"नाही जाऊ देणार, मावशी," ती म्हणाली होती.

तिने शेठना पुन्हा फोन लावला. उचलला नाही.

पुढे पुण्याहून माणूस येऊन यंत्र बघून गेला. त्याला दोष सापडला नाही. त्या खुर्चीचं मी तिला अजून विचारत नाही. गुरुवारी एक वात जास्त लावते, एवढंच.

त्या संध्याकाळी तिने उपास सोडला नाही. स्कूटर काढली आणि कुरवंड्याच्या वाटेला लागली, ते दोर परत आणायला.

चढावर स्कूटर दमायला लागली... मागे कुणी बसलं की दमते, तशी.

ती सावकाश चालवत राहिली.