वाळूतला सायकस

तो आला तेव्हा कमरेएवढा सायकस त्यानं लेकरासारखा कवेत धरला होता. टोकदार पानांनी गालावर ओरखडे उठले होते, पण त्याला त्याचं भान नव्हतं.

"वाचवाल?" एवढंच म्हणाला.

ती मावशीच्या रोपवाटिकेतच लहानाची मोठी झालेली. तिनं पिवळी पानं बाजूला सारली, शेंड्यावर अंगठा दाबला. लोण्यात रुतावा तसा तो आत गेला.

"पाणी कोण घालतं?"

"मी. रोज, सकाळ-संध्याकाळ."

"डोक्यावरून?"

"हो... का?"

"मायेनं कुजवलंत की हो याला."

मग तो अडखळत सांगू लागला — वडील अंथरुणाला खिळलेले. झाड त्यांनी आणि आईनं मिळून लावलेलं. आई गेली, झाड राहिलं. "याला नवी पानं फुटली की मीही उठेन, म्हणतात. म्हणून मी..."

तिनं सुरी घेतली. कुजकं तपकिरी कापत गेली, कापत गेली, तेव्हा कुठे तळहाताएवढा पांढरा गाभा लागला. त्यावर कोळशाची पूड चोळली आणि बुंधा कोरड्या वाळूत बसवला.

"आता थेंबभर पाणी नाही. नुसती वाट बघायची. येऊन बघा हवं तर, पण हात लावायचा नाही."

"झाडाला ना?"

ती हसली नाही. कान मात्र तापले.

तो दर रविवारी येऊ लागला. मावशी कुंड्या भरता भरता म्हणायची, "झाडाचं काही खरं नाही बाई, पण तुला बरी दर रविवारी पालवी फुटते."

तो वाळूशेजारी उकिडवा बसून सांगायचा — आज बाबा दोन घास जेवले. आज त्यांनी मला ओळखलं नाही. निघताना ठरलेला प्रश्न — "काय सांगू त्यांना?"

"जिवंत आहे म्हणावं."

तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी तिनं नखानं गाभा खरवडून पाहिला. आतून काळा पडला होता. तिनं वाळू पुन्हा सारखी केली, हात धुतले आणि रविवारी तो आल्यावर म्हणाली, "जिवंत आहे."

असे पाच रविवार.

मग तो मंगळवारीच आला.

"बाबा गेले. काल." तो वाळूकडे वळला. "झाड द्या. त्यांच्या खिडकीखाली लावतो."

"झाड मेलंय. पाच आठवडे झाले." मग थांबून, खाली बघत — "त्यांच्यासाठी खोटं बोलले असं म्हणता आलं असतं. पण तेवढंच नव्हतं... तुम्ही यायचे थांबाल, म्हणून बोलले."

आता हा जाईल, तिला वाटलं. जायलाच हवं यानं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मेलेलं खोड कसं ओळखायचं, बाबांनाच विचारलं होतं, सहज म्हणून. म्हणाले, हलकं लागतं. मग माझ्याकडे बघतच राहिले... तीन रविवारांपूर्वी तुम्ही आत गेलात, तेव्हा मी उचलून पाहिलं."

"आणि घरी?"

"घरी सांगितलं, फुटलंय. शेवटी विचारलं त्यांनी, किती पानं आली? मी म्हटलं, अकरा." त्याचा आवाज चिरला. "हसले. कशाला हसले, कुणास ठाऊक."

"मग इथे कशाला येत राहिलात?"

"तुम्ही अजून खरं सांगितलं नव्हतं. त्याआधी यायचा कसा थांबणार?"

ती वाळूत गुडघ्यांवर बसली, तोही बसला. दोघांनी ओंजळींनी वाळू उपसली. एका हातानं सहज उचलला असता असा तो बुंधा — दोघांनी मिळून उचलला.