चौबे कॉलोनीतली गायब वाईन

"गंधालीताई, माझी वाईन चोरीला गेली!"

फोनवर तरुण स्वयंपाकी प्रशिक होता. तासाभरात हॉटेलमालकीण राधिकादीदी त्याच्या घरी जेवायला येणार होत्या. जेवण आवडलं, तर त्यांच्या नव्या हॉटेलचं स्वयंपाकघर त्याच्या हाती. नाही आवडलं, तर वडील सांगतील ती नोकरी.

खासगी गुप्तहेर गंधाली देशकर आपले सहकारी श्यामराव यांना घेऊन बूढापारा मोहल्ल्यातून स्कूटरवर चौबे कॉलोनीत पोचल्या. दारातच लसूण, लिंबू, टोमॅटो आणि ऑलिव्हचा वास आला. गॅसच्या ओव्हनमध्ये अख्खा मासा भाजत होता.

"घरात लाल वाईन आहे ना? तीच द्या," श्यामराव म्हणाले.

"लाल घेतली तर मासा लोखंडासारखा लागते, काका. लिंबासोबत आंबटसर पांढरीच पाहिजे. थंडगार," प्रशिक म्हणाला.

बहीण नीलिमा ताटं पुसत होती. "दहापासून लाईट नाही. बाराला फ्रिज उघडला, बाटली नव्हती. भैयानं रेल्वेची परीक्षा द्यावी असं मले वाटते, पण मी बाटली कशाला घेऊ?"

मागच्या पडवीत वडील लहानू पेपर वाचत होते. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत ओली. शेजारी, सकाळी बर्फात मासा आला होता तो थर्माकोलचा डबा. झाकणावर वीट, खाली पाण्याचं थारोळं.

गंधाली त्यांच्याजवळच टेकल्या. बाहीला माशाचा वास होता.

"आमच्या घरी पंचशील पाळतात, दारूला थारा नाही," लहानू गुरगुरले. "मी त्या बाटलीकडे पाहतही नाही. सकाळपासून स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. अन् कोमट झाल्यावर ते कोण पिऊन राहिलं?"

श्यामराव कुजबुजले, "यांनीच मोरीत ओतली."

गंधाली हसल्या. सगळ्यांना त्यांनी पडवीत बोलावलं.

"ओतली असती तर रिकामी बाटली सापडली असती. मासा ओव्हनमध्ये आहे, मग रिकाम्या डब्यावर वीट कशाला? आत बर्फ आहे म्हणून. काका नुसता पेपर वाचत होते, तर बाहीला माशाचं पाणी कुठून लागलं? याच डब्यातून. आणि ज्यांनी वाईनकडे पाहिलंही नाही, त्यांना ती कोमट चालत नाही हे कसं कळलं? लाईट गेली, फ्रिज तापला, बाटली बर्फात गेली. चोरी नाही झाली, प्रशिक. तुझी वाईन कोणीतरी सांभाळली."

प्रशिकनं वीट काढली. बर्फात बाटली गारठली होती.

"बाबा, सांगितलं काहून नाही?"

"तूच फोनवर कोणाले सांगून राहिला होता, थंड पाहिजे, थंड पाहिजे. मग टॉवेलात धरून आणली." लहानूंची मान खाली गेली. "वर्षभर बाटलीवरून तुले बोललो. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

प्रशिकनं त्यांना मिठीच मारली.

जेवायला बसलेल्या राधिकादीदींनी माशाचा घास घेतला, वाईनचा घोट घेतला आणि डोळे मिटले. "सोमवार से आ जाओ।"

लहानूंनी स्वतःसाठी पाण्याचाच पेला भरला आणि ताट पुढे केलं. "पोट्ट्या, मले डोक्याकडचा तुकडा दे."